डबल घंटी

नवऱ्याला हे सांगितलेलं नाही. आईलाही नाही. ती शेवटची आजारी होती तेव्हा मी कितीतरी दुपारी तिच्या उशाशी बसून होते, बोलायला वेळच वेळ होता, आणि मी काय केलं? तिला मोसंबीचा रस पाजला. तुम्हाला सांगतेय ते तुम्ही माझे कोणी नाही म्हणून. उद्या तुमच्यासमोर मला चहाचा कप ठेवायचा नाही.

आधी गाडीचं सांगते. म्हणजे मला टाळता येईल तितकं टाळते—हे तुमच्या लक्षात येईलच.

आमच्याकडे एक गाडी होती. लढाईच्या काळातली लष्करी अँब्युलन्स. कामठीला लिलावात निघाली आणि माझ्या बाबांनी ती उचलली. बाबांची अमरावती रोडवर वाडीला शेड होती, ट्रकच्या बॉड्या बांधायची. लाकडी फाळके, पत्रा, रंगकाम, दिवसभर ठोकाठोक. शहाण्या माणसाने ती अँब्युलन्स तोडून भंगारात घातली असती. बाबांनी तिच्यात घर बांधलं. दोन बाजूंना दोन बाकं, त्यांच्या खाली पेट्या, भिंतीला दुमडून ठेवायची फळी, जिच्यावर आई पोळ्या लाटायची, कोपऱ्यात पाण्याचा ड्रम, स्टोव्हसाठी पत्र्याचा कोनाडा. खिडक्यांना आईच्या जुन्या पातळांचे पडदे. हल्ली लोक असल्या गाड्या हौसेने भाड्याने घेतात आणि त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढतात. तेव्हा अमरावती रोडवरचे ट्रकवाले आम्हाला बघून उगीच हॉर्न वाजवायचे आणि हसायचे. मला ते हसणं अगदी बरोबर वाटायचं.

उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं त्या डब्यातून निघायचो. रामटेक, नवेगावबांध, चिखलदरा. रस्त्याच्या कडेला आंब्याखाली थांबायचं, बाबांनी गोवऱ्या पेटवून रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी, सगळ्यांच्या डोळ्यांत धूर. बाबा खुशीत. "असं सुख राजाले बी नाही," म्हणायचे. राजाला नसेलच. राजाला चांगली गाडी असते.

आणि पोहोचणं? ते आमच्या नशिबात क्वचित असायचं. कारण सांगते. बाबांनी गाडीला क्रीम रंग दिला होता, पण दोन उन्हाळ्यांत तो उडाला आणि खालचं लाल अधिकाचं चिन्ह वर दिसायला लागलं. आई म्हणाली, पुन्हा एक हात मारा. ज्याच्या शेडमध्ये रंगाचे डबे रांगेने पडलेले, तो माणूस काय म्हणाला? "राहू दे ना वं. कोणाच्या कामी येते."

आलंच कामी. खेड्यापाड्यांतले लोक ते चिन्ह बघायचे, दवाखान्याची गाडी समजायचे आणि हात दाखवायचे. बाबा थांबायचे. दरवेळी. मग आमच्या बाकावर कण्हणारी बाळंतीण, विळ्याने पाय कापलेला कोणी, तापाने फणफणलेली म्हातारी. एकदा चिखलदऱ्याला निघालो आणि दोन दिवस अमरावतीच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात काढले, कारण त्या बाईचं कोणी नव्हतं आणि बाबांना जाववेना. एकदा पोटात कळ येते म्हणून विव्हळत चढलेला माणूस काटोलचा बाजार दिसताच टुणकन उतरला, त्याच्या घोंगडीखालून कोंबड्यांची डाल निघाली, आणि तो वळून न बघता चालता झाला. बाबा पोट धरून हसले. मी नाही हसले. बाकाखाली कोंबड्यांची घाण मी पुसली होती.

माझे बाबा परोपकारी होते. गावभर त्यांचं नाव होतं. हा शब्द उच्चारताना माझं तोंड आजही वाकडं होतं—का होतं? त्यांचं काय चुकलं होतं? काही नाही. तरीही होतं. मला वाटायचं, ज्याला स्वतःची गाडी धड चालवता येत नाही, रेडिएटर दर दहा मैलांवर तापतं, अशा माणसाने जगाचे आजार वाहू नयेत. मला वाटायचं, हात दाखवणारे सगळे फुकटे आहेत आणि माझा बाप त्यांचा हक्काचा मूर्ख आहे. हे मी असंच्या असं, या शब्दांत मनात म्हणायचे. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. सोळाव्या वर्षी माणसाला सगळं कळत असतं, उगीच लहान होते म्हणायला नको.

आता घंटी. अँब्युलन्स असल्यामुळे ड्रायव्हरची केबिन वेगळी, मध्ये पत्र्याची सलग भिंत. बाजूचा आरसा इतका थरथरायचा की त्यात काही दिसत नसे. म्हणून बाबांनी एसटीसारखी दोरी ओढून घेतली होती, मागच्या दारापासून थेट केबिनपर्यंत, टोकाला पितळी घंटी. एकदा वाजली की थांब. दोनदा वाजली की चल. मागच्या दाराला काचेची छोटी खिडकी होती, आणि तिच्याजवळची जागा लहानपणापासून माझी. बाबांना मागचं काही दिसत नसे, मला सगळं दिसे. मी डबल घंटी दिल्याशिवाय त्यांनी गाडी कधी हलवली नाही. "आमची कंडक्टरीणबाई," असं सगळ्यांना सांगायचे. सहा वर्षांची होते तेव्हा मला त्याचा केवढा अभिमान होता. सोळाव्या वर्षी लाज.

मी मॅट्रिकची परीक्षा दिली त्या मे महिन्यात आम्ही पचमढीला निघालो, आणि यावेळी माझ्याबरोबर मीनल होती.

मीनल माझ्या वर्गातली. सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यात राहणारी, वडील मोठे अधिकारी. तिच्यासारखं बोलता यावं म्हणून मी घरात "मले-तुले" म्हणणं सोडलं होतं. आई-बाबा बोलायला लागले की माझ्या अंगावर काटा यायचा. तिला मी गाडीबद्दल कधी सांगितलं नव्हतं. बाबांनीच सांगितलं—तिला शेडमध्ये नेऊन दाखवली आणि येतेस का म्हणून विचारलं. आणि ती हो म्हणाली! तिला गंमत वाटली. गरिबाघरची पुरणपोळी मिटक्या मारत खाणारे लोक असतात ना, तशी तिला आमची गाडी आवडली. मला मात्र एकच वाटत होतं. या वेळी पोहोचायचंच. अंधार पडायच्या आत पचमढी, दुसऱ्या दिवशी धबधबा, मीनलच्या घरी सांगण्यासारखी एक तरी धड सहल.

वाडी सोडून कळमेश्वरपाशी आलो नाही तोच एका म्हातारीने हात दाखवला. घंटी द्यावी लागली नाही, ती समोरूनच दिसली. छातीत दुखते म्हणे. बाबांनी तिला हाताला धरून चढवलं. आत आल्यावर तिने आमच्या डब्यातला लाडू मागून घेतला, मीनलच्या फ्रॉकचं कापड बोटांनी चाचपून बघितलं, आणि सावनेरला उतरताना कळलं की तिला तिच्या लेकीकडे जायचं होतं. छातीबितीत काही नव्हतं. बाबा म्हणाले, "जाऊ दे, लेकीची ओढ बी दुखनंच राह्यते." मीनल म्हणाली, "किती गोड आहेत गं तुझे बाबा." गोड! माझं डोकं भणाणलं. कोणाच्याही वडिलांना असं म्हणत नाहीत. नोकराला म्हणतात, कुत्र्याला म्हणतात.

सावनेर मागे पडलं. ऊन चढलं. रेडिएटर तापलं, ते तापणारच होतं. एका संत्र्याच्या बागेजवळ, पुलाच्या अलीकडे बाबांनी गाडी थांबवली. बागेच्या विहिरीवरून बादली भरून आणली, फडक्याने झाकण काढलं, वाफ गेली, पाणी ओतलं. आई केबिनमध्ये पदराने वारा घेत बसली होती. बाबा चढले, इंजिन सुरू केलं आणि माझ्या घंटीची वाट बघत थांबले.

मी खिडकीतून बघितलं.

शेतांमधून रस्त्याला येऊन मिळणारी एक पांदण होती. तिच्यावरून एक माणूस धावत येत होता. खांद्यावर लेकरू. लेकराचे पाय त्याच्या छातीवर आपटत होते, मान मागे पडली होती. एका हाताने त्याने त्याला धरलं होतं आणि दुसऱ्या हातातलं फडकं हलवत होता. तो ओरडत होता, पण इंजिनच्या आवाजात ऐकू येत नव्हतं.

मी हे नीट पाहिलं. धूळ नव्हती, झाडं आड नव्हती. धट्टंकट्टं लेकरू खांद्यावर टाकून भर उन्हात कोणी असं धावत नाही, हे मला कळलं. घाईत होतं, नीट दिसलं नाही, वाटलं नाही—असलं काही नव्हतं. मला कळलं आणि त्याच्या पुढचंही सगळं कळलं. गाडी वळवावी लागणार. पुन्हा मागे सावनेर, पुन्हा व्हरांडा, पुन्हा फिनाइलचा वास, पुन्हा बाबा इकडून तिकडे पळणार, त्यांच्या धोतराला कसले तरी डाग, आणि मीनल म्हणणार किती गोड. मला त्या माणसाची दया आली का? खरं सांगू? मला त्याचा संताप आला. हाच रस्ता सापडला याला. हीच वेळ सापडली.

मी दोनदा दोरी ओढली.

गाडी हलली. तो रस्त्यावर पोहोचला, गाडीच्या मागे धावायला लागला. जुनी गाडी, वेग घ्यायला वेळ लागायचा. काही अंतर तो इतका जवळ होता की मला त्याचं उघडं तोंड दिसत होतं. त्यालाही मी दिसले. आमची नजरानजर झाली, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. मग मी पडदा ओढला.

मीनलने विचारलं, "कोण होतं गं?"

"कोणी नाही," मी म्हणाले. "असतात फुकटे. मघाची म्हातारी बघितलीस ना?"

मीनलनेही पाहिलं होतं, पडदा ओढण्याआधी. एवढं मला तेव्हाच कळलं.

आम्ही पचमढीला पोहोचलो. दिवेलागणीच्या आत, पहिल्यांदाच. मला वाईट वाटत राहिलं, घास गिळवेना, असं काहीतरी ऐकायची तुमची अपेक्षा असेल. तसं झालं नाही. मला मजा आली. धबधब्याखाली भिजलो, बाबांनी रोडगे केले ते मी चवीने खाल्ले, गार हवेत गाढ झोपले. एकदाही तो माणूस आठवला नाही? आठवला. मी त्याला झटकून टाकला, कपड्यावरचा किडा झटकावा तसा. मिळाली असेल त्याला दुसरी गाडी, असं स्वतःला सांगितलं. त्या रस्त्यावर दिवसाकाठी किती गाड्या जायच्या तेव्हा? मला ठाऊक होतं किती.

परतताना त्याच विहिरीपाशी रेडिएटर तापलं. बाबा बादली घेऊन उतरले आणि बराच वेळ परत आले नाहीत. म्हणून आई उतरली. मग मी आणि मीनल.

विहिरीच्या कठड्यापाशी तो उभा होता. मी ओळखलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मग सगळा वेळ तो बाबांशीच बोलला. आवाज चढवला नाही. आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं, मी त्याला अडाणी म्हणून मोकळी झाले असते.

"त्या दिशी तुमचीच गाडी उभी होती ना इथं, भाऊ? मी धावून राहिलो होतो मांगं. लेकराले उलट्या-जुलाब लागले होते. मंग बैलगाडी जुपली. सावनेर यायच्या आंधीच..."

बाबांच्या हातातली बादली कलली, पाणी त्यांच्या चपलांवर सांडत राहिलं.

"थांबलो नसतो काहून, भाऊ?" बाबा म्हणाले. "मले मांगचं दिसत नाही. पन माही पोरगी बसली राह्यते मांगं. तिले कोणी दिसलं असतं तं तिनं घंटी देली असती. हे पोरगी चुकत नाही." आणि माझ्याकडे वळले. "काहून वं शैला, दिसलं होतं काय कोणी?"

ते संशयाने विचारत नव्हते. त्या माणसाची खात्री पटावी म्हणून विचारत होते. माझ्यावरच्या विश्वासाने त्यांचा चेहरा अगदी मोकळा होता. त्या क्षणी मी हो म्हणू शकत होते. लेकरू तर गेलंच होतं, त्याला त्याचा उपयोग नव्हता. पण त्या बापाला, एवढं तरी, की तू खोटं बोलत नाहीस. एवढं तरी मला देता येत होतं.

"नाही बाबा," मी म्हणाले. "कोणीच नव्हतं मागे."

माझा आवाज हललाही नाही. तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने मान खाली घातली.

"नसंन दिसलो मंग मी," तो म्हणाला. "उशीरच झाला असंन मले."

कळतंय ना काय झालं ते? गाडीमागे धावलेल्या माणसाने, माझ्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलेल्या माणसाने, दोष स्वतःच्या अंगावर घेतला. आणि मी तो घेऊ दिला. आयुष्यभर त्याला वाटत राहणार, आपण थोडं आधी निघायला हवं होतं. पहिल्या लबाडीला मी काहीतरी नाव देऊ शकते—राग, हौस, सोळावं वर्ष. या दुसरीला कोणतं नाव देऊ?

आमच्याकडे मयताच्या घरी जाऊन बसतात. बोलायला काही नसतं, नुसतं बसतात. बाबा आणि आई त्याच्याबरोबर पांदणीने निघाले. बाबा मला म्हणाले, "चाल वं, जाऊन बसू थोडं." मी म्हणाले, मीनल एकटी पडेल. आणि गाडीत जाऊन बसले.

मीनल रडत होती. "तू सांगत का नाहीस?" तिने विचारलं.

"तू सांग ना," मी म्हणाले. "तुलाही दिसला होता तो. तू का गप्प होतीस?"

तिने तोंड मिटलं ते मिटलंच. मी तिला असं गप्प केलं, तिच्या गळ्यात अर्धा वाटा अडकवला. त्यानंतर ती आमच्याकडे आली नाही, कॉलेजात दिसली तरी रस्ता बदलायची. मी मैत्रिणींना सांगितलं, ती शिष्ट आहे.

बाबा परत आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांकडे मी पाहिलं नाही. त्यांना कळलं होतं का? आमच्यासारखी दुसरी गाडी त्या रस्त्यावर नव्हती. पुलापाशी ती माझ्या घंटीसाठी थांबली होती, हे त्यांना माहीत होतं. हिशोब काही अवघड नव्हता. पण त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही. मागची जागाही काढून घेतली नाही. फक्त एक सुरू झालं. गाडी कुठे थांबली, निघायची वेळ झाली, मी डबल घंटी दिली, की ते इंजिन चालू ठेवून खाली उतरायचे. गाडीच्या मागे जायचे, कपाळावर हात धरून रस्त्याच्या त्या टोकापर्यंत बघायचे, मग डाव्या शेतात, मग उजव्या. माझ्या खिडकीसमोरच उभे असायचे, पण आत बघायचे नाहीत. आई केबिनमधून म्हणायची, "चाला ना आता, तिनं घंटी देली ना." ते म्हणायचे, "हो, हो," आणि तरी थोडं बघूनच यायचे.

आणि मी आत बसून काय म्हणायचे मनात? नौटंकी. हाच शब्द. माझ्या बापाचं काळीज फाटलं होतं आणि मी त्याला नौटंकी म्हणत होते. मग मी सहलींना जाणंच सोडलं, अभ्यासाचं निमित्त केलं. माझ्याशिवाय ती दोघं एक-दोनदा गेली. मग गाडी शेडच्या मागे उभी राहिली आणि तिथेच गंजली.

लग्नानंतर मी खापरखेड्याला आले. नवऱ्याला तिथे क्वार्टर मिळालं, सारा संसार तिथेच झाला. तिथून ती विहीर तासाभराच्या आत. सावनेरला बाजाराला जायचो, छिंदवाड्याला नणंदेकडे जायचो, कितीदा गेलो. ती पांदण आता पक्की झाली आहे. एकदा नवऱ्याने संत्री घ्यायला तिथेच गाडी थांबवली, उतरतेस का म्हणाला. पांदणीच्या टोकाशी गाव दिसत होतं. दहा मिनिटं चालावं लागलं असतं. मी ऊन फार आहे म्हणाले आणि काच वर केली.

बाबा त्या घरी जाऊन बसले होते, त्यांनी नाव विचारलं असेल. आईनेही विचारलं असेल. मी त्या दोघांना कधी विचारलं नाही. ते लेकरू मुलगा होता की मुलगी, हे मला आजही माहीत नाही.